चिलखताचा रंग पुन्हा पुन्हा उडतोय? आधी पोपड्याची पाठ बघा

एक तक्रार सतत येते. घरी बनवलेल्या मँडलोरियन चिलखताच्या ('स्टार वॉर्स'मधल्या मँडलोरियन योद्ध्यांच्या पोशाखाच्या) प्लेटा मन लावून रंगवल्या, घरात आठ दिवस भिंतीला टेकून झकास राहिल्या, आणि पहिल्यांदा अंगावर चढवल्या त्याच दिवशी छातीच्या काठाला, टिचबटणांभोवती, काखेजवळच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले. मग दुसऱ्या कंपनीचा रंग आणून त्याच्यावरच आणखी दोन हात मारले जातात. पुढच्या वेळी दोन्ही थर मिळून उडतात.

यात रंगाचा दोष क्वचितच असतो. चिलखतावर सहसा पाच-सहा थर असतात: मूळ साहित्य, सीलर (छिद्रं बंद करणारा थर), प्रायमर (रंगाला पकड देणारा थर), चांदी (झिजलेल्या जागी धातू दिसावा म्हणून चंदेरी रंग), रंग आणि शेवटी क्लिअर (वरचा पारदर्शक थर). यातल्या कुठल्या तरी दोन थरांमधली पकड सुटलेली असते, नाहीतर एखादा थर स्वतःच मधून फाटलेला असतो. ती जागा सापडली की उपाय ठरलेला आहे. ती न शोधता केलेलं सगळं अंदाजपंचे. आणि ती जागा दाखवणारा पुरावा बहुतेक जण झाडून कचऱ्यात टाकतात, तो म्हणजे सुटलेला पोपडा.

निदान तीन वेगवेगळ्या जागांवरून पोपडे काढा, छोट्या पिशव्यांत ठेवा आणि कुठून काढले ते पिशवीवर लिहा. मग उजेडात भिंगाखाली, किंवा फोनचा कॅमेरा झूम करून, दोन गोष्टी बघा: पोपड्याची मागची बाजू आणि प्लेटवर जिथून तो सुटला ती जखम. दोन्ही बघायच्या. एकटी जखम फसवते, कारण राखाडी प्रायमर आणि राखाडी पीव्हीसी फोटोत सारखेच दिसतात.

पाठीवर मूळ साहित्याचा ठसा: तळाची पकड सुटली

पोपडा उलटा केला, पाठीवर प्रायमर किंवा सीलर गुळगुळीत चकचकीत दिसला, आणि प्लेटवर उघडा फोम किंवा प्लास्टिक राहिलं, तर तळाचीच पकड गेली आहे. ही सर्वांत जास्त दिसणारी तऱ्हा. वर कितीही भारी क्लिअर मारा, खालून सगळं एकसंध उचललं जाणार. इथे कारण साहित्यानुसार बदलतं.

ईव्हीए फोमवर (रबरासारख्या मऊ, लवचीक शीटवर) मुळात काहीच सहजासहजी चिकटत नाही. शीटच्या वरच्या बाजूला साच्यातून आलेली गुळगुळीत साय असते. ती तशीच ठेवून सीलर मारला की तो फक्त वर बसून राहतो. आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती चमक मोडा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. मग हीट गन एका जागी न थांबवता झरझर फिरवा. बरोबर झालं की मॅट पृष्ठभाग किंचित तुकतुकीत होतो आणि उघडी छिद्रं मिटतात. गन एका जागी रेंगाळली की फोम आक्रसतो, कडक होतो आणि वर एक ठिसूळ कवच येतं. पोपड्याच्या पाठीला फोमचे कण चिकटून आलेले दिसले तर हे झालंय असं समजा: सीलरने पकड सोडलेली नाही, जळलेला फोमच फाटला आहे. तिथे नवा रंग मारून भागत नाही, तो थर घासून खालच्या मऊ फोमपर्यंत जावं लागतं.

काठांवर पोपडे सगळ्यात आधी सुटतात, त्याचं कारण वेगळं. कापलेल्या काठाला फोमची छिद्रं उघडी पडतात आणि रोटरी टूलने गोल केलेल्या काठावर बारीक लव उभी राहते. सीलर त्या लवेला धरतो, फोमला धरत नाही. काठ घासून झाल्यावर त्याला पुन्हा हीट गन दाखवा, म्हणजे लव वितळून बसते, आणि सपाट भागाला तीन हात मारत असाल तर काठाला पाच मारा.

सीलर म्हणून पाण्यात कालवलेला पांढरा गोंद अजूनही बरेच जण वापरतात. स्वस्त पडतो, भिंतीवर टांगायच्या शोपीसला चालतोही. पण अंगात घालायच्या चिलखताला तो नको. हा गोंद घामाने आणि पावसाने पुन्हा मऊ पडतो, पांढुरका होतो आणि वरचा सगळा रंग घेऊन सालीसारखा निघतो. पोपड्याची पाठ दुधाळ दिसली आणि ओलं बोट लावल्यावर चिकट झाली तर गुन्हेगार हाच. फोमसाठी मिळणारा पाण्यातला लवचीक सीलर किंवा रबर स्प्रे वापरा.

फुगवलेल्या पीव्हीसी शीटचा, म्हणजे ३ मिमीच्या फोमबोर्डचा, पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो. भांड्यांच्या साबणाने धुवा, सुकवा, ३२० नंबरने पाणी लावून चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका, हातमोजे घाला. मग प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहिजन प्रमोटर (पकड वाढवणारा द्रव) एक हलका हात, वर प्रायमर. वळण द्यायचं ते सगळं याच्या आधी द्या. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. पिवळं-तपकिरी होईपर्यंत तापवलं तर करपतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्या हवेत करा.

व्हॅक्यूम फॉर्मिंगने केलेल्या प्लेटा एबीएसच्या किंवा हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनच्या असतात. त्यांना अ‍ॅसिटोनने किंवा लॅकर थिनरने पुसू नका. दोन्ही साहित्यं त्यात विरघळतात. पृष्ठभाग चिकट होतो, मग सुकून ठिसूळ होतो, आणि रंग त्या ठिसूळ सालीवर बसतो. अल्कोहोल पुरेसं आहे.

फायबरग्लासच्या हेल्मेटचं दुखणं साच्याला लावलेल्या मेणात असतं. इथे क्रम चुकतो म्हणून पुन्हा पुन्हा घोटाळा होतो: आधी घासलं की मेण ओरखड्यांत आत दाबलं जातं आणि नंतर धुऊन निघत नाही. आधी कोमट पाण्याने धुवा, साच्यावर पीव्हीएची (पाण्यात विरघळणारी) फिल्म वापरली असेल तर ती पाण्यातच जाते. मग मेण आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू घ्या, आणि त्यानंतरच घासा. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरून राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, गोळा होऊन पळाला तर अजून मेण आहे.

थ्रीडी प्रिंटमध्ये रेझिनचे पोकळ भाग तेवढे तपासा. आत अडकलेलं कच्चं रेझिन बारीक चिरांतून पाझरत राहतं आणि रंगाखाली चिकट फोड येतात. निचऱ्याची भोकं पाडून आतून धुणं आणि अतिनील प्रकाशात पूर्ण क्युअर (आतपर्यंत पक्कं) करणं याला पर्याय नाही.

दोन्ही बाजूंना चांदी: थर मधून फाटला

पोपड्याच्या पाठीवर चांदी आहे आणि प्लेटवरच्या जखमेतही चांदीच आहे. लोक याला 'हिरवा रंग चांदीवर बसला नाही' म्हणतात. प्रत्यक्षात हिरवा रंग चांदीला घट्ट बसलेला असतो, चांदीचाच थर मधून दुभंगलेला असतो.

आरशासारखी चमक देणाऱ्या अनेक स्प्रेंमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे मुद्दाम वर तरंगून येतील असे बनवलेले असतात. चमक येते ती त्यामुळेच. पण वर आलेल्या पापुद्र्यांना बांधून ठेवायला बाइंडर (रंगातला चिकटवणारा घटक) फारसा उरत नाही, आणि पुढचा रंग त्या सुट्या पापुद्र्यांवर बसतो. परीक्षा सोपी: चांदी पूर्ण सुकल्यावर पांढऱ्या सुती फडक्याने जरा दाबून घासा. फडक्यावर राखाडी डाग आला तर त्याच्यावर थेट रंग मारायचा नाही.

उपाय दोन. एक, साधा 'अ‍ॅल्युमिनियम' किंवा 'मेटॅलिक सिल्व्हर' घ्या, ज्याची चमक कमी असते पण थर घट्ट असतो. दोन, चमकदार चांदीच हवी असेल तर तिच्यावर क्लिअरचे दोन पातळ हात मारून ती बंद करा, तिच्या डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या, मग रंग. क्लिअरने चमक थोडी मरते. टवक्यांच्या (झीज दाखवायला मुद्दाम उघड्या ठेवलेल्या जागांच्या) आत दिसणाऱ्या चांदीला तेवढी चमक पुरते.

पण त्याआधीचा प्रश्न: चांदीचा थर हवाच आहे का? तो काळावर ठरतो. 'स्टार वॉर्स'मध्ये हे चिलखत घालणाऱ्या बोबा फेटचा १९७८ चा चाचणीसाठी बनवलेला पोशाख पांढरा होता. १९८० च्या चित्रपटात त्याची मनगटी कवचं हिरवी आहेत, १९८३ च्या चित्रपटात तीच लालसर. या दोन्ही आवृत्त्यांत रंग झिजून खालचा धातू डोकावतो, म्हणजे चांदी आणि टवके दोन्ही लागतात. २००२ च्या चित्रपटातल्या जँगो फेटच्या छातीच्या प्लेटा उघड्या धातूच्या दिसतात. तिथे चांदी हाच वरचा थर, खाली काळा चकचकीत बेस आणि वर क्लिअर. २०१९ पासूनच्या 'द मँडलोरियन' मालिकेतल्या दिन जारिनच्या बेस्कारच्या (कथेतल्या एका धातूच्या) प्लेटांना तर रंगच नाही. त्याच मालिकेत २०२० मध्ये परतलेलं बोबाचं चिलखत आधी अगदी झिजलेलं दिसतं आणि पुढे नव्याने रंगवलेलं.

याचा थरांशी थेट संबंध आहे. नव्याने रंगवलेल्या आवृत्तीला खाली चांदीची गरज जवळजवळ नाही; जे दोन-चार ओरखडे हवेत ते वरून बारीक ब्रशने काढा. विनाकारण वाढवलेला प्रत्येक थर म्हणजे सुटायला आणखी एक जोड. फोमवर बांधणाऱ्यांना आमचा सल्ला याहून पुढचा आहे: १९८० ची झिजकी आवृत्ती करत असाल तरी फोमवर टवके वरून रंगवा. फोमच्या वाकण्याला चांदीचा थर सगळ्यांत आधी दगा देतो. खरे, थरांतून डोकावणारे टवके कडक प्लेटांसाठी राखून ठेवा.

आणि आपोआप उडालेला रंग 'असू दे, वेदरिंग (झिजल्याचा देखावा) झालं' म्हणून खपवायचा मोह टाळा. फोमच्या उघड्या जखमेतून चांदी नाही, काळा फोम दिसतो. शिवाय पडद्यावरच्या प्लेटवर टवके विशिष्ट जागी आहेत, आणि संदर्भ-फोटो पाठ असलेल्या माणसाला काखेजवळचा हातभर लांब पोपडा दुरूनही खटकतो.

रंग स्वच्छ सुटला, खालची चांदी अखंड

पोपड्याची पाठ स्वच्छ हिरवी, प्लेटवर चांदी शाबूत. म्हणजे या दोघांच्या मध्ये काहीतरी होतं, किंवा वेळ चुकली.

'काहीतरी' बहुधा मास्किंगचं (रंग बसू नये म्हणून जागा झाकायचं) साहित्य असतं. टवके काढायला लोक टूथपेस्ट, मोहरीची पेस्ट, पेट्रोलियम जेली, द्रव लॅटेक्स असं काय काय लावतात. यातली जेली सगळ्यात वाईट: ती लावलेल्या जागेपुरती राहत नाही, बोटाने आणि स्प्रेच्या हवेने भोवती पसरते आणि टवक्याच्या दुप्पट-तिप्पट भागातली पकड घालवते. टूथपेस्ट पाण्याने निघते, पण काढल्यावर प्लेट खरंच धुवायला हवी. फडक्याने पुसून दिसेनाशी झालेली पेस्ट तिथेच असते. द्रव लॅटेक्स सर्वांत नीट काम करतं, दोन अटींवर. खालचा थर पूर्ण क्युअर झालेला हवा, कारण लॅटेक्समधला अमोनिया अर्धवट सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकला मऊ करतो. आणि वरचा रंग हाताला सुकला की त्याच दिवशी लॅटेक्स काढा. आठवडाभर ठेवलेलं लॅटेक्स सोबत रंगाच्या कडाही ओढून आणतं. ओढताना वर नाही, प्लेटला समांतर ओढा.

वेळ चुकणं म्हणजे दुसरा हात मारण्याची मुदत न पाळणं. एनॅमल स्प्रेच्या डब्यावर 'एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडे डब्यागणिक वेगळे, पण मधला काळ धोक्याचाच: वरची साय सुकलेली, आतला थिनर अजून बाहेर पडतोय. त्यात नवा हात पडला की खालचा थर सुरकुततो. उलट पूर्ण कडक झालेल्या चकचकीत थरावर न घासता रंग मारला तर त्याला धरायला काही मिळत नाही. मुदत टळली असेल तर ६०० नंबरने हलकेच घासून चमक मोडा, मग मारा. थर सुकला का ते नखाने नाही, नाकाने बघा. जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर तो सुकलेला नाही.

पाठ खरखरीत, पिठूळ असेल तर तिसरंच कारण: रंग हवेतच सुकला. कॅन लांब धरला, ऊन किंवा वारा होता, थेंब पोचेपर्यंत कोरडे झाले आणि भुकटीसारखे बसले. २० ते २५ सेंमी अंतर, प्लेटच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपणारे सरळ फटकारे, आणि प्रत्येक हात पडल्याबरोबर क्षणभर ओला चमकायला हवा.

पोपडे नाहीत, तडे आहेत

हा भाग सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो, म्हणून जरा सविस्तर.

तड्यांची दिशा बघा. चिखल सुकल्यावर पडतात तशा सर्व दिशांना भेगा असतील तर थर जाड बसलाय, किंवा मऊ थरावर कडक थर आलाय. रबर स्प्रेवर थेट एनॅमल मारणं हे याचं नेहमीचं उदाहरण: खालचं रबर दाबलं जातं, ताणलं जातं, वरचा एनॅमल तसं करू शकत नाही. फोमवर सगळे थर लवचीक ठेवा, म्हणजे लवचीक सीलर, अ‍ॅक्रिलिक रंग, पाण्यातला पॉलियुरेथेन क्लिअर. एनॅमल आणि लॅकर कडक प्लेटांसाठी.

तडे एकमेकांना समांतर असतील तर प्लेट तिथे वाकतेय. वाकण्याचा हिशोब ऐका. ५ मिमी जाडीचा सपाट फोम ५ सेंमी त्रिज्येच्या वळणावर गुंडाळला की बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ ५ टक्के ताणला जातो. १० मिमीचा फोम तसाच गुंडाळला तर ९ टक्के. कडक रंगाला एवढा ताण झेपत नाही. पण तोच फोम आधी तापवून, वळणावर धरून, गार होईपर्यंत तसाच ठेवला असेल तर त्याची 'विश्रांतीची' अवस्थाच वळलेली असते आणि अंगावर चढवताना ताण येतो तो फक्त फरकाचा. म्हणून सपाट रंगवून पट्ट्यांनी अंगाला ओढून वळवलेली छातीची प्लेट नक्की तडकणार, आणि आधी वळवून रंगवलेली वाचणार. प्लेट टेबलावर मोकळी ठेवा. ती अंगावर असते त्याच आकारात राहिली पाहिजे. सपाट होत असेल तर रंगाआधीचं काम अपुरं आहे.

आता जागा बघा, कारण तडे सहसा तीन-चार ठरलेल्या ठिकाणीच पडतात.

टिचबटणाभोवती किंवा रिव्हेटभोवती चक्राच्या आऱ्यांसारखे तडे: बटण थेट प्लेटमध्ये ठोकलंय. पट्टा ओढला गेला की सगळा जोर नाण्याएवढ्या जागेवर येतो. बटण ५ × ५ सेंमीच्या नायलॉन पट्टीच्या तुकड्यावर ठोका आणि तो तुकडा प्लेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, फोमला कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने, प्लास्टिकला लवचीक राहणाऱ्या औद्योगिक गोंदाने. कडक होणारा सुपरग्लू इथे नको, तो झटक्याने सुटतो. असं केल्यावर बाहेरून रिव्हेटचं डोकं दिसत नाही, हा वरचा फायदा.

खांद्याकडून छातीच्या मध्याकडे तिरके तडे: पट्टा एकाच कोपऱ्याला ओढतोय आणि हात वर केला की प्लेट पिळली जाते. छातीच्या प्लेटा आतल्या जाकिटावर बसवा, एकमेकींना पट्ट्यांनी बांधून शरीराभोवती आवळू नका. वरच्या दोन कोपऱ्यांना आणि खालच्या काठाच्या मध्याला वेल्क्रो, आणि वेल्क्रोची जाकिटावरची बाजू शिवलेली, चिकटवलेली नाही. एवढ्यानेही पिळ राहत असेल तर प्लेटच्या आत, काठापासून २ सेंमी आत राहील अशी, त्याच वळणाची ३ मिमी पीव्हीसीची प्लेट चिकटवा. वजन थोडं वाढतं, पण फोम वाकणं बंद होतं.

पोटाच्या प्लेटवर आडवे तडे: बसताना ती दुमडते. तिला फक्त वरच्या काठाला पकडा, खालचा काठ मोकळा सोडा. बसल्यावर ती दुमडण्याऐवजी पुढे उचलली जाते. खाली पट्ट्याच्या बकलवर आपटत असेल तर तिच्या खालच्या काठाला आतून फेल्टची पट्टी लावा.

मनगटी कवचाच्या एका बाजूला उभा, सरळ रेघेसारखा तडा: अखंड नळीला एक चीर देऊन ती फाकवून हात घातला जातोय आणि चिरेच्या बरोबर समोरची बाजू प्रत्येक वेळी वाकतेय. हे रंगाने सुटणारं नाही. नळीचे दोन सरळ अर्धे करा, एका बाजूला आतून कापडी पट्टीची बिजागरी लावा, दुसऱ्या बाजूला वेल्क्रो किंवा चुंबकं. चुंबकं असतील तर चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंच्या जोड्या एकमेकांना लावून बघा आणि वरच्या तोंडावर पेनाने खूण करा. उलटं बसलेलं एक चुंबक काढायला गेलात तर भोवतीचा फोमही निघतो.

उरलेल्या तक्रारी, थोडक्यात

पोपडा नाही, रंगाची भुकटी पडते: घर्षण. खांद्याची प्लेट छातीवर घासतेय, किंवा मनगट पट्ट्याला लागतंय. ३ ते ५ मिमी फट ठेवा. फट देता येत नसेल तर आतल्या बाजूला फेल्ट. दोन घटकांचा आयसोसायनेटवाला क्लिअर खूप टिकतो, पण त्याच्यापासून श्वासाला असलेला धोका साध्या मास्कने टळत नाही. घरच्या कामात त्याच्या वाटेला जाऊ नका.

सुरकुत्या: एनॅमलवर लॅकर मारला. उलट क्रम चालतो. सुरकुतलेला थर वाचत नाही, घासून काढा.

लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी फोड: पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. ती कोरडीच घासा, आणि पाणी लावून घासायचंच असेल तर वर प्रायमर बसल्यावर.

क्लिअर पांढुरका पडला: हवा दमट होती. कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा एक पातळ ओला हात मारल्यावर बहुतेक वेळा तो पुन्हा पारदर्शक होतो.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीआधीची परीक्षा

नवा रंग मारण्याआधी उरलेला जुना रंग धरून ठेवण्याच्या लायकीचा आहे का ते बघा. कडक प्लेटवर आयएसओ २४०९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली जाळीची परीक्षा घरीही होते: धारदार ब्लेडने सहा समांतर रेघा, त्यांना काटकोनात सहा, सगळे थर धरून जाडी १२० मायक्रॉनपर्यंत असेल तर रेघांत २ मिमी अंतर, त्याहून जाड असेल तर ३ मिमी. २५ चौकोन तयार होतात. ब्रशने झाडा, चिकटपट्टी दाबून लावा, साधारण ६० अंशांच्या कोनात एका झटक्यात ओढा. काप छेदतात तिथे बारीकसे कण गेले तर चालेल. चौकोनच्या चौकोन गेले तर संपूर्ण प्लेट घासायला घ्या. ही परीक्षा प्लेटच्या मागच्या बाजूला, किंवा त्याच थरांनी रंगवलेल्या तुकड्यावर करा.

फोमवर ब्लेड सरळ आत शिरतं, म्हणून तिथे वेगळं: १० × १५ सेंमीचा तुकडा तुमच्या नेमक्या थरांनी रंगवा, आठवडाभर ठेवा, मग ५ सेंमी व्यासाच्या पाइपावर रंग बाहेर ठेवून वीस वेळा वाकवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून ओढा. अंगावर येतो त्यापेक्षा हा ताण जास्त आहे. इथे जे टिकलं ते चिलखतावर टिकेल. नवा सीलर किंवा नवा रंग आणला की हा तुकडा आधी, प्लेट नंतर.

कडक प्लेटची जखम लहान असेल तर पोपड्याची कडा ब्लेडने घट्ट रंग लागेपर्यंत मागे सरकवा. जिथे ब्लेडला जोर लावावा लागतो तिथे थांबा. कडा ४०० नंबरने इतकी उतरती करा की बोटाला पायरी लागणार नाही. अल्कोहोलने पुसा, प्रायमरचे दोन पातळ हात जखमेपेक्षा २ सेंमी बाहेरपर्यंत, ६०० ने घासा, मग वरचे थर त्याच क्रमाने. क्लिअर मात्र ठिगळापुरता नाही, पूर्ण प्लेटवर, नाहीतर चमकेत गोल डाग दिसतो.

फोमवरचा रंग थिनरने काढायला जाऊ नका. थिनर आत झिरपतो, फोम फुगतो, आणि गोंदाचे जोडही सुटतात. तळाची पकड गेलेली फोमची प्लेट असेल तर बोटांनी आणि चिकटपट्टीने निघेल तेवढं सोलून काढा. निम्म्याहून जास्त सहज निघालं तर उरलेल्याच्या मागे न लागता ती प्लेट टेम्प्लेट म्हणून वापरा आणि नवी कापा. एक छातीची प्लेट नव्याने कापून वळवणं, जुनी घासत बसण्यापेक्षा वेळेत स्वस्त पडतं.

प्रत्येक प्लेटच्या आत मार्करने थरांचा क्रम, रंगाचं नाव आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी ठिगळ लावताना तोच हिरवा शोधण्यापेक्षा हे बरं.

वाहतुकीत नव्या रंगाला बबल रॅप लावू नका. पूर्ण क्युअर न झालेल्या रंगावर त्याचे गोल ठसे उठतात आणि उन्हात तो चिकटतो. जुन्या सुती चादरीचे तुकडे बरे. बंद गाडीत उन्हात चिलखत ठेवून जाऊ नका, विशेषतः पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटिंगच्या एका प्लास्टिकमध्ये) प्रिंट केलेले भाग. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. वाकलेला भाग गार झाल्यावर सरळ करायला गेलात की त्याच्यावरचा रंग तिथेच तडकतो. असा भाग हाताने दाबू नका, मऊ पडेपर्यंत हेअर ड्रायरने एकसारखा तापवून, आकारावर धरून गार करा आणि मग रंगाचं काय झालंय ते बघा.